वेंगुर्ल्यात मे महिना: काय वाचावं, काय पाहावं, काय ऐकावं?

सुरंगी
मे महिनाभर वेंगुर्ल्याजवळ गावच्या घरी आहोत. सासू-सासरे, दहा-अकरा वर्षांची दोन मुलं आणि आम्ही मोठी चार माणसं. रेंज येते-जाते, वायफाय नाही. टीव्ही जुना आहे, पण पेनड्राइव्ह चालतो. सासऱ्यांना दिसायला कमी झालंय, त्यामुळे ऐकण्यासारखंही हवं. त्या मुलखातलंच काही सुचवा. लांबलचक यादी नको. सुरुवात कुठून करावी आणि कुठे अडतं, एवढं सांगा.

माडबन
वेंगुर्ल्यात असाल तर जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ आधी घ्या. त्यांचं आरवली तिथून जवळच. प्रकरणं बरीचशी सुटी आहेत, मधलं एखादं राहिलं तरी बिघडत नाही. सासऱ्यांना वाचून दाखवायला उत्तम. मात्र काही प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत, मुलं शेजारी बसणार असतील तर प्रकरण आधी चाळून घ्या.

त्यानंतर चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी ‘कोंडुरा’. हा क्रम उलटा करू नका. दळवींच्या गावात माणसं भेटतात, खानोलकरांच्या गावात भय, श्रद्धा आणि समुद्र. ‘कोंडुरा’ रोज दहा-बारा पानं करून वाचली तर हातातून निसटते, दोन-तीन दुपारी सलग काढा. श्याम बेनेगलांचा १९७८चा चित्रपट याच कादंबरीवर आहे, पण तो हिंदी आणि तेलुगूत केलेला आणि कथा आंध्रात नेलेली. वेंगुर्ल्याचा किनारा त्यात शोधू नका.

खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. ‘ये रे घना’ सासऱ्यांना माहीत असेलच. ते ऐकून झाल्यावर ‘नक्षत्रांचे देणे’मधल्या दोन-चार कविता मोठ्याने वाचा, पण सावकाश. घाईने वाचली तर ही कविता कळत नाही.

खाजणकाठ
मुलांसाठी ‘श्यामची आई’. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे दापोली तालुक्यातले. पुस्तकाचे भागच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे आहेत, एकूण ४२. जेवणं झाल्यावर रोज एक वाचला तरी महिन्यात पुरं होणार नाही, म्हणून आठवड्यातले तीन दिवस दोन-दोन घ्या. सगळं रडवणारं आहे हा गैरसमज, पोहण्याचा आणि झाडांचा प्रसंग मुलं मागून घेतात. शेवटच्या काही रात्री मात्र आजारपणाच्या आणि मृत्यूच्या आहेत, त्या झोपायच्या वेळी नकोत. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे मजकूर आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. निघण्याआधी फोनवर उतरवून घ्या.

चित्रपटांत ‘किल्ला’. अकरा वर्षांचा मुलगा, नुकतेच गेलेले वडील, आईची कोकणात बदली. तुमच्या मुलांच्याच वयाची गोष्ट. पावसाळी, काळोखी दृश्यं भरपूर, दिवसा जुन्या टीव्हीवर नुसतं काळं दिसेल. अंधार पडल्यावर लावा. ‘श्वास’ मोठ्यांसाठी ठेवा. नातवाच्या डोळ्याचा कर्करोग आणि शस्त्रक्रियेआधीचे दिवस, लहान मुलांना ते झेपत नाही.

सुरंगी
आभार! ‘तुंबाडचे खोत’ महिन्यात होईल का? आणि ‘तुंबाड’ सिनेमा आधी पाहिला तर वाचायला सोपं जाईल?

माडबन
नाही, सिनेमाचा काही उपयोग होणार नाही. २०१८च्या त्या भयपटाने श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचं नाव घेतलं, गोष्ट वेगळीच आहे. शिवाय तो प्रौढांसाठीचा आहे. कादंबरी जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या पिढ्यांची. दोन खंड, हजारावर पानं. रोज पन्नासेक पानं झाली तर महिन्यात संपते. लोक अडकतात ते नात्यांत. पहिल्या दिवसापासून वंशावळ कागदावर मांडत जा, नवीन माणूस आलं की नाव घाला. वाचनालयातून घेणार असाल तर दोन्ही खंड जागेवर आहेत ना, ते आधी विचारा. दुसरा खंड कुणी नेलेला असला की वाचन तिथेच थांबतं. पेंडसे अजून वाचले नसतील तर आधी ‘गारंबीचा बापू’ घ्या. ती आटोपशीर आहे आणि राधा-बापूची गोष्ट पहिल्या काही पानांतच पकड घेते.

पायपेटी
ऐकण्याबद्दल लिहितो. सासऱ्यांसाठी पुलंच्या आवाजातला ‘अंतू बर्वा’. ती रत्नागिरीची बोली, तुमच्याकडची मालवणी नव्हे. मालवणीसाठी ‘वस्त्रहरण’ हे नाटक. पहिल्या अंकात गावच्या नाटकाची तालीम आहे, तो वगळून प्रयोगाच्या गोंधळावर उडी मारलीत तर अर्धी गंमत जाते, कारण कोण कशावर रुसलंय ते तालमीतच कळतं. टीव्हीच्या बारीक स्पीकरवर संवाद घुमतात, साधा बाहेरचा स्पीकर लावून पाहा.

तांत्रिक भाग. नुसतं बोलणं असेल तर ऑडिओ फाईलचा दर्जा ६४ केबीपीएस (सेकंदाला किती माहिती, त्याचं माप) पुरतो, तासाला साधारण २९ एमबी. जुना टीव्ही बहुधा फॅट-३२ (फायली साठवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, कॉपी करतानाच अडते. ॲपमध्ये उतरवलेला सिनेमा पेनड्राइव्हवर जात नाही, तो त्या फोनवरच चालतो आणि त्याला मुदत असते. निघायच्या आदल्या दिवशी फोन विमान-मोडवर टाकून प्रत्येक फाईल उघडून बघा.

आणि दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, रेकॉर्डिंगवर भागवू नका. जत्रांचा हंगाम संपला तरी पाऊस लागेपर्यंत कंपन्यांचे प्रयोग कुठे ना कुठे असतात, वाडीतल्या दुकानात विचारलंत की कळेल. आधी आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, त्यात गणपती, सरस्वती आणि संकासूर राक्षस. मग आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. मुलांना संकासुरासाठी तरी सुरुवातीपासून न्या. आख्यानाची संहिता लिहिलेली नसते, संवाद नट तिथल्या तिथे रचतात, म्हणून मंचाजवळ आणि पेटी-मृदंगाच्या समोरच्या बाजूला बसा. वाद्यांच्या बाजूला बसलात तर संवाद बुडतात. रात्र जागायची असते, मुलांना दुपारी झोपवून न्या.

खाजणकाठ
एक राहिलं. परतताना पुस्तकं बंद घरात ठेवून येऊ नका, पावसात बुरशी धरते. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतली ओल आतच राहते आणि पानं चिकटतात. ठेवायचीच असतील तर दोन दिवस वारा-उन्हाच्या खोलीत सुकवा, मग भिंतीपासून चार बोटं लांब, उंच फळीवर उभी ठेवा आणि शेजाऱ्यांना अधूनमधून दार उघडायला सांगा.