ध्रुवीय अस्वल आणि अरगट : तुलना कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी चिठ्ठ्या काढून दोन जीव मिळालेत. ध्रुवीय अस्वल आणि अरगट, म्हणजे राय (rye) या गव्हासारख्या धान्याच्या कणसात दाण्याच्या जागी वाढणारी जांभळट काळी बुरशी. आकार, रंग, अधिवास असा तक्ता तिने भरलाय, पण तो काय, कुणीही भरेल.

मला एक साम्य सापडलंय. अस्वलांचं मीलन वसंतात होतं, पण गर्भ गर्भाशयात रुजतो तो शरदात. तोवर मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली नसेल तर पिल्लं होतच नाहीत. अरगटही असंच थांबतं. त्याची टणक काळी गाठ कणसातून जमिनीवर पडते आणि हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय तिला कोंब फुटत नाहीत. मग टाचणीच्या डोक्यासारखे बारके गोंडे वर येतात आणि राय फुलोऱ्यात असतानाच बीजाणू वाऱ्यावर सोडतात. हे साम्य चालेल का, की ओढूनताणून वाटतं?

खाण्याच्या बाबतीत मात्र गाडी अडते. अस्वल सीलच्या, बर्फातल्या श्वास घ्यायच्या भोकापाशी तासन्‌तास दबा धरतं आणि सील वर आला की मारून मोकळं होतं. अरगटाला रोप जिवंतच लागतं. फुलातून शिरून ते बीजांडकोशाचा ताबा घेतं, आणि दाण्यासाठी निघालेली साखर त्याच्या तोंडी पडते. कणसातून चिकट गोड थेंब गळतात, त्यावर किडे येतात आणि रोग पुढच्या फुलावर नेतात. भक्षक आणि परजीवी एकाच रकान्यात कसे बसवायचे?

शिवाय भाचीने बुरशी वनस्पतींत टाकलीय. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद :
नाही, तेवढं आधी बदला. अरगटाचं नातं रायपेक्षा अस्वलाशी जवळचं आहे! बुरशी अन्न स्वतः बनवत नाही आणि प्राण्यांसारखंच ग्लायकोजेन साठवते, वनस्पतींसारखं स्टार्च नाही. पेशीपटलात अस्वलाकडे कोलेस्टेरॉल, बुरशीकडे त्याचंच भावंड अर्गोस्टेरॉल. ते १८८९ साली पहिल्यांदा वेगळं काढलं तेही अरगटातूनच.

थांबण्याचं साम्य झकास आहे, ठेवाच. फक्त एक ‘गर्भ’ आणि दुसरी ‘बुरशीच्या धाग्यांची गाठ’ हे स्पष्ट लिहा. खाण्यासाठी ‘अन्न देणारा किती काळ जिवंत राहतो’ असा रकाना करा, म्हणजे दोघं बसतील.

आणि विषाचा मुद्दा कसा सुटला? अस्वलाच्या यकृतात अ जीवनसत्त्व इतकं असतं की माणसाला ते बाधतं. अरगटाने रक्तवाहिन्या आकसून बोटं झडतात; त्यातलंच एक द्रव्य बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरतात.