मदत हवी आहे: ग्रीन कार्ड, दीड वर्ष पुण्यात आणि री-एंट्री परमिट

आईबाबा दोघेही ग्रीन कार्डधारक. आजीच्या आजारपणामुळे त्यांना साधारण १८ महिने पुण्यात राहावं लागेल. सलग एक वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलं की परतताना नुसतं कार्ड चालत नाही, म्हणून निघण्याआधी आय-१३१ हा अर्ज भरून दोन वर्षांचं री-एंट्री परमिट (परत प्रवेशाचा परवाना) घ्यायचं ठरतंय. अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, भारतातून नाही, आणि प्रत्येकाचा वेगळा. हे माहीत आहे. मधेच सहा महिन्यांनी तोंड दाखवून परत जाण्याचा सल्ला कृपया नको. राहण्याचा खरा हेतू कुठे आहे, हे अमेरिकेत परतताना विमानतळावर विचारतातच.

अडलंय ते या अर्जासाठी लागणाऱ्या बोटांच्या ठशांपाशी. ठसे अमेरिकेतच द्यायचे. परमिट हातात येईपर्यंत मात्र थांबायची गरज नाही. सध्या ठशांचं बोलावणं किती आठवड्यांत येतंय? कुणाचे जुने ठसेच वापरले गेले का?

परमिट मुंबईच्या वकिलातीत मागवण्याचा पर्याय अर्जात आहे. तो कुणी निवडला होता का? उचलताना काय काय दाखवावं लागलं?

टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणूनच भरणार, बँक खातं चालू ठेवणार. परमिटने नागरिकत्वासाठीचा सलग वास्तव्याचा काळ टिकत नाही, त्याची तयारी आहे.