मदत हवी आहे: सिटी व्हीटेकला स्पार्क प्लगच्या वायरी कोणत्या घालू?

नमस्कार मंडळी. माझी २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, १०६ बीएचपीवाली. जिवापाड जपलेली गाडी. पाऊस सुरू झाल्यापासून घाटात चढावर मिसिंग मारते (इंजिन मधेच अडखळतं), पिकअप पार जातो. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर वायरींवर निळ्या ठिणग्या दिसतात. मल्टिमीटरने वायरींचा रोध मोजला: तीन वायरी ठीक, पण तिसऱ्या सिलिंडरची ४० किलोओहमच्या वर, मर्यादा २५ ची आहे. त्याच प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं होतं, रबरी टोपी फुगली होती. खड्ड्यात ऑइल येऊ न देणारं सील बदलणारच आहे, नाहीतर नवी वायरही तशीच खराब होईल.

आता प्रश्न. मूळ मापाचा सेट घेऊ, की ८ मिमीचा जाड सिलिकॉनवाला? मेकॅनिक जाडच घ्या म्हणतो. पण ठिणगीसाठी दाब तयार करणारी कॉइल कंपनीचीच असताना वायरीच्या जाडीने ठिणगीची ताकद कशी वाढेल, हे मला पटत नाही. साध्या तांब्याच्या तारेच्या वायरी नकोतच, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) त्रास होतो. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि आत फिरणारा रोटर सोबतच बदलावेत का? ज्यांनी या गाडीवर स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा. पुण्यात अस्सल सेट कुठे मिळेल, तेही.