मदत हवी आहे: आजच्या शब्दकोड्यात अडकलेय

मंडळी, आजच्या पेपरातल्या कोड्यात आडवा शब्द आहे, 'शिवकालीन घोडदळातला स्वार', चार अक्षरी, शेवटी र. आता यात शिलेदार पण बसतो आणि बारगीर पण! बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा, एवढं एक सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पहिल्या अक्षरावरून उभा शब्द, 'गोड पदार्थ', तोही चार अक्षरी, म्हणजे शिकरण किंवा बालुशाही, घ्या! आणि त्याची बाकीची घरं कुठल्याच आडव्या शब्दात नाहीत.

वर मोती आणि तिळगूळ एकाच घरातून काढलेत, ती नि ति एकच धरायचं म्हणे, हे मला तरी अजिबात पटत नाही. उद्या उत्तर छापतीलच पण तोवर धीर नाही, तुम्ही काय भरलंत आणि का?