ओझर (नाशिक विमानतळ) ते दिल्ली विमानाने सव्वा तास की दोन तास? मदत हवी आहे

मंडळी, आईला (वय 72) पुढच्या महिन्यात बहिणीकडे दिल्लीला पाठवतोय. ओझरहून थेट विमान आहे. एकटी जाणार, तेही पहिल्यांदाच. तिला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं आणि विमान नेमकं जेवणाच्या वेळचं. त्यामुळे वेळेचा हिशोब पक्का हवाय.

अंतर सांगणाऱ्या एका साइटवर ओझर-दिल्ली साधारण 990 किमी आणि वेळ सव्वा तास दिसते. तिकिटावर 1 तास 55 मिनिटं. मधली 40 मिनिटं जातात कुठे? रेल्वेने तर साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे साइटचं अंतरच चुकलंय का? आईचा तर कशावरच विश्वास नाही. "पंचवटी एक्सप्रेसला नाशिकहून मुंबई गाठायला साडेतीन तास लागतात, आणि हे म्हणे दोन तासांत दिल्ली!"

जाणकारांनी कृपया सांगा, कोणता आकडा धरू?

दहावा_मैल : तिकिटावरचा धरा. 990 बरोबरच आहे, ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सरळ अंतर. रेल्वे भुसावळ, इटारसी, भोपाळ करत जाते, तिचं जास्तच भरणार. साइटने 990 ला ताशी 800 ने भागलं आणि सव्वा तास लिहून मोकळी झाली. पण विमान सुटल्या सुटल्या 800 ने पळत नाही. दहा हजार फुटांखाली साधारण 250 नॉट, म्हणजे ताशी 460 किमीच्या आत राहावं लागतं, चढताना आणि उतरतानाही. शिवाय ठरलेल्या हवाई मार्गाने जायचं, दिल्लीजवळ रांगेत थांबायचं. तिकिटावरची वेळ तर विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतची असते. दिल्लीत लांबच्या धावपट्टीवर उतरलं की टर्मिनलपर्यंतच पंधरा-वीस मिनिटं रांगत जातं.

गोदाकाठची : माझे बाबाही इन्सुलिनवर आहेत, म्हणून लिहिते. विमानाच्या वेळेवरून इंजेक्शनची वेळ ठरवूच नका. टोचून बसलं आणि विमान उशिरा सुटलं, खायला हाताशी काही नसलं, तर साखर एकदम उतरते. खाणं हातात असल्याशिवाय टोचायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय. तुमच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारा. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडी साखर किंवा ग्लुकोज. आणि डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर दिल्लीच्या धुक्यापायी दोनाचे चार तासही होतात.

धागाकर्ता : दोघांचेही आभार. मी फक्त हवेतला वेळ मोजत होतो. आता घरून, म्हणजे नाशिकच्या पंचवटी भागातून निघाल्यापासून धरतो : आडगावमार्गे ओझर, काउंटर बंद व्हायच्या आत पोचायचं, मग दोन तास, मग दिल्लीत सामानाची वाट. म्हणजे पाच तास सहज गेले. डॉक्टरांकडे उद्याच जातो. दशम्या आणि कोरडी चटणी डब्यात देणार आहे. आईचा आता एकच प्रश्न उरलाय : विमानात डबा उघडला तर शेजारचा हसणार तर नाही ना?

गोदाकाठची : हसणार नाही, मागेल. दोन जास्त द्या.