मुलाची लेस्टरमधली लाइट-गॅसची कंपनी बुडाली, आता काय करायचं?

सुलभा_बडोदे · 14 ऑक्टोबर 2021, रात्री 11.40

नमस्कार मंडळी. आज नवमी, खाली सोसायटीत गरबा चाललाय (यंदाही मोठे गरबे नाहीत, आपापल्या सोसायटीतलेच) आणि मी वर बसून हे टाइप करतेय कारण डोकं ठिकाणावर नाही. मुलगा-सून लेस्टरला असतात, नात सात महिन्यांची. मगाशी त्याचा फोन, आई आमची कंपनी बुडाली. मला वाटलं नोकरीची कंपनी, पायच गळाले, मग कळलं की घरात लाइट आणि गॅस देणारी. तिकडे दोन्हीचं एकाच कंपनीकडून बिल येतं म्हणे, आणि अशा पुष्कळ कंपन्या असतात, आपल्याला हवी ती निवडायची. ह्याने सगळ्यात स्वस्त निवडली होती, बापावर गेलाय.

आता प्रश्न असा की त्याचे 212 पौंड तिथे जमा आहेत. दर महिन्याला बँकेतून ठरलेला हप्ता जातो, उन्हाळ्यात जास्तीचे साठतात ते थंडीत वळते होतात. पौंड शंभर रुपये धरला तरी एकवीस हजार झाले. आमच्या ह्यांचे पैसे एका सहकारी बँकेत अडकले होते तेव्हा पासबुक पिशवीत घालून किती वर्षं खेटे घातलेत ते मी बघितलंय, त्यामुळे "मिळतील गं आई" ह्यावर माझा विश्वास नाही. आणि थंडी तोंडावर आलीय, गॅस बंद झाला तर बाळाचं काय? रागाच्या भरात त्याने बँकेतला हप्तापण बंद केलाय. बरोबर केलं का? तिकडचं कोणी असेल तर सांगा प्लीज.

फाफडा_वीर · 15 ऑक्टोबर, सकाळी 8.05

काकू, आपल्याकडे कंपनी निवडायची सोयच नाही म्हणून बुडायची भीती पण नाही 😄 दसर्‍याच्या शुभेच्छा, आधी फाफडा-जलेबी खा मग विचार करा.

नेहा_लीड्स · 15 ऑक्टोबर, दुपारी 3.20

सुलभाताई, माझं माहेर रावपुर्‍यातलं, इथे अकरा वर्षं झाली. आधी श्वास घ्या. लाइट पण जाणार नाही आणि गॅस पण नाही. इथे तारा आणि पाइप वेगळ्या कंपन्यांचे असतात, जी बुडाली ती फक्त घाऊक बाजारातून वीज-गॅस विकत घेऊन बिल पाठवणारी होती. ती गेली म्हणून पाइपातला गॅस थांबत नाही.

इथे ऑफजेम म्हणून सरकारी नियामक आहे, तो काही दिवसांत त्या कंपनीची सगळी गिर्‍हाइकं दुसर्‍या कंपनीकडे सोपवतो. गेल्या महिन्यात अ‍ॅव्रो नावाची बुडाली, पाच लाख ऐंशी हजार घरं होती, सगळी ऑक्टोपसकडे गेली, कोणाच्या घरात दिवा मिणमिणला पण नाही. 212 पौंडपण बुडत नाहीत, घरगुती गिर्‍हाइकाची जमा ऑफजेमच्या नियमाने सुरक्षित असते, नवी कंपनी ती मानते. फक्त वेळ लागतो, दोन-चार महिने धरूनच चाला.

हप्ता बंद करायची घाई करायला नको होती. नवं खातं सुरू होईपर्यंत तो तसाच ठेवायचा असतो. पण केलाच असेल तर आकाश कोसळत नाही, पैसे बाजूला काढून ठेवा म्हणावं, बिल तर येणारच आहे. आणि घाबरून स्वतःहून तिसर्‍याच कंपनीत उडी मारू नका, जमेचा हिशेब अडकतो. नवीन कंपनीचं पत्र येऊ दे. नंतर पटली नाही तर बदलता येते, दंड लागत नाही.

करायचं एकच आणि ते आजच्या आज. दोन्ही मीटरचा फोटो, आकडे स्वच्छ दिसतील असा, आणि जुन्या कंपनीची वेबसाइट चालू आहे तोवर सगळी बिलं उतरवून ठेवायची. शिवाय "आम्ही तुमची नवीन कंपनी, बँकेचे डिटेल्स द्या" असे फोन येतील, त्यांना काही म्हणजे काही सांगायचं नाही.

वाईट बातमी एवढीच की त्याचा जुना स्वस्त दर गेला तो गेला. आता सरकारी कॅपचा (कंपनीला युनिटमागे जास्तीत जास्त किती लावता येतं ती हद्द) दर लागणार, म्हणजे विजेला युनिटमागे साधारण 21 पेन्स आणि गॅसला 4. त्याला आधी काय पडत होतं?

सुलभा_बडोदे · 15 ऑक्टोबर, रात्री 9.10

नेहा तुझ्या तोंडात साखर पडो. आधी वीज 14 आणि गॅस अडीचच्या आसपास म्हणाला. हप्ता आज परत सुरू केला. मीटर जिन्याखालच्या कपाटात, पुढे बाळाची गाडी, दोन सुटकेसा आणि मी पाठवलेला पोह्यांचा डबा (अजून उघडलेला नाही, हे फोटोमुळे कळलं). गॅसच्या मीटरवर चार काळे आकडे आणि मग लाल आहेत, तो सगळेच कळवायला निघाला होता. लाल धरायचे का?

वसंतकाका_रेसकोर्स · 16 ऑक्टोबर, सकाळी 6.30

लाल कधीही धरायचे नाहीत, ते अपूर्णांक असतात. मी जीईबीत (गुजरातचं सरकारी वीज मंडळ) तेहेतीस वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ मीटरच्या मागेच. तिकडचा मीटर मी बघितलेला नाही पण मुलाला म्हणावं पाटीवर घनमीटर लिहिलंय की घनफूट ते बघ, जुन्या घरात फुटांचे मीटर अजून असतील.

बाकी हे फाफडावाले म्हणतात त्यात अर्थ आहे. 2005 साली जीईबीचे सात तुकडे झाले, वीज बनवणारी वेगळी, वाहून नेणारी वेगळी, वाटणार्‍या चार, आम्ही एका खात्यातून दुसर्‍यात गेलो पण गिर्‍हाइकाच्या घरचा दिवा त्याच तारेवर लागत राहिला, अजूनही लोक "जीईबीचं बिल"च म्हणतात. तारेला मालक कोण ते कळत नसतं. फक्त इथे दरासाठी आयोगापुढे जावं लागतं, आणि विकणारा एकच. तिकडे मला वाटतं कोणीही टेबल-खुर्ची टाकून वीज विकायला बसला असणार.

नेहा_लीड्स · 16 ऑक्टोबर

काका अगदी तसंच झालं. 2018 च्या सुमारास इथे सत्तरएक कंपन्या होत्या. मोठ्या कंपन्या थंडीचा गॅस आधीच भाव बांधून घेऊन ठेवतात, ह्यातल्या बर्‍याचशांनी तसं केलं नाही, रोजच्या भावाने घ्यायचं आणि स्वस्तात विकायचं. भाव पडलेला होता तोवर मजा. ह्या वर्षी गेली थंडी लांबली, साठे रिकामे, आशियात जहाजाच्या गॅसला मागणी, रशियाकडून हात आखडता, आणि वारा पडला तर पवनचक्क्या पण थंड. घाऊक भाव कुठल्या कुठे गेला, आणि गिर्‍हाइकाला कॅपपेक्षा जास्त लावता येत नाही. शंभरला घेऊन साठला विकायचं, किती दिवस?

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक · 16 ऑक्टोबर

म्हणजे कॅपमुळे बुडाल्या. सरकारने बाजारात नाक खुपसलं की हेच होतं.

वसंतकाका_रेसकोर्स · 16 ऑक्टोबर

कॅप नसता तर ह्या पोरांचं बिल ह्याच महिन्यात दुप्पट झालं असतं. खिशात दमडी नसताना पाच लाख घरांना वीज विकायचा परवाना ज्याने दिला त्याला विचारा. असो, सकाळी सकाळी वाद नको.

फाफडा_वीर · 22 नोव्हेंबर

आज बातमी वाचली, तिकडची बल्ब नावाची कंपनी गेली, पंधरा लाखांहून जास्त घरं. बल्ब उडाला 😄 सॉरी, राहवलं नाही.

नेहा_लीड्स · 24 नोव्हेंबर

हसा. एवढी गिर्‍हाइकं एकदम घ्यायला कोणी तयार होईना म्हणून सरकारने स्वतःच्या पैशाने ती चालू ठेवलीय. आणि ज्या बुडाल्या त्यांचा खर्च पुढे आम्हा सगळ्यांच्याच बिलात येणार आहे, जे कधी त्या कंपनीत नव्हते त्यांच्यापण.

सुलभा_बडोदे · 19 जानेवारी 2022

धागा वर आणतेय. नवी कंपनी मिळाली, पत्र आलं, सुरुवातीचं रीडिंग फोटोतलंच धरलं. आनंदाची गोष्ट म्हणजे महिन्याचं गॅसचं बिल फक्त 27 पौंड! एवढ्या थंडीत, दिवसभर हीटिंग चालू असून. पोरगा खूश, म्हणतो उगाच घाबरलो. मी इथून दोन गोधड्या पाठवल्या त्याचा पण गुण असेल, कुरियरवाल्याने गोधड्यांच्या किमतीपेक्षा जास्त घेतले ते सोडा.

वसंतकाका_रेसकोर्स · 19 जानेवारी

सुलभाताई, बिल कमी आलं की मला झोप लागत नाही. मीटर किती आकडे पुढे गेला आणि बिलात किती युनिट लावलेत, एवढं विचारून सांगा. आणि ते घनफुटाचं बघितलं होतं का?

सुलभा_बडोदे · 20 जानेवारी

मीटर 60 ने पुढे गेलाय, बिलात 670 युनिट. पाटीवर फूट लिहिलंय म्हणाला, ऑक्टोबरमध्ये बघायचं राहूनच गेलं होतं.

वसंतकाका_रेसकोर्स · 20 जानेवारी

मग झालं. नवीन कंपनीने मीटर घनमीटरचा समजून बिल केलंय. एक घनमीटर म्हणजे साधारण 11 युनिट, 60 गुणिले 11, आलं का तेवढंच? पण चार काळ्या आकड्यांच्या फूटवाल्या मीटरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे 31-32 युनिट. खरे 1,900 युनिट जळलेत. बिल 27 नाही, 75 च्या वर हवं. त्याला आजच कळवायला लावा. त्यांना उशिरा जाग आली तर एका वर्षाचा फरक एकदम मागतील, आणि तोवर दर कुठे गेलेले असतील कोणास ठाऊक.

नेहा_लीड्स · 20 जानेवारी

काका ग्रेट आहात. ही चूक इथे खरंच होते. नियम असा की कंपनीची चूक असेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे मागता येत नाहीत, पण बारा महिन्यांचे येतातच. पाटी दिसेल असा फोटो जोडायचा आणि फरक हप्त्याने भरतो म्हणायचं, ऐकतात.

कमाटीबाग_मॉर्निंगवॉक · 20 जानेवारी

कमी बिल आलं म्हणून स्वतःहून कळवायचं? मी तर गप्प बसलो असतो.

सुलभा_बडोदे · 2 फेब्रुवारी

कळवलं. तीन वेळा फोन, एकदा पाऊण तास तेच तेच संगीत. शेवटी कबूल केलं, फरक सहा महिन्यांत भरायचाय. पोरगा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, जशी काय चूक माझीच.

नेहा_लीड्स · 4 फेब्रुवारी

नशीब आत्ताच केलंत. काल नवा कॅप जाहीर झाला, 1 एप्रिलपासून 54 टक्के वाढ. साधारण घराचं वर्षाचं 1,277 होतं ते 1,971 पौंड. वीज 28 पेन्स, गॅस 7.

आता थोडं घरातलं. बॉयलरमधून रेडिएटरला जाणार्‍या पाण्याचं तापमान बहुतेक घरी 75-80 ला असतं, ते 60 वर आणायला सांगा, घर तेवढंच गरम होतं फक्त सावकाश, आणि गॅस वाचतो. पण गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर टाकीचं तापमान 60 च्या खाली न्यायचं नाही, त्यात जंतू होतात. बाळाची खोली सोडून बाकी रेडिएटर कमी करा. कपडे मात्र बंद खोलीत वाळत घालू नका, माझ्याकडे एका थंडीत भिंतीला काळी बुरशी धरली, ती घासण्यात जेवढा जीव गेला तेवढ्यात गॅस परवडला असता. आणि कुकर! इथे लोक भात पातेल्यात अर्धा तास उकळतात, आपण एका कुकरमध्ये वरण, भात, बटाटे लावून मोकळे.

सुलभा_बडोदे · 11 मार्च

212 पौंड आले!! पूर्ण. ह्यांना दाखवलं, म्हणाले आपल्या बँकेला हे कळवा कोणीतरी.

सुलभा_बडोदे · 1 ऑक्टोबर 2022

वर्ष होत आलं म्हणून लिहितेय. काल पोरगा म्हणाला आता काळजी नाही, सरकारने 2,500 पौंडांची हद्द घातलीय, त्याच्या वर बिल जाणारच नाही. खरं आहे का नेहा?

नेहा_लीड्स · 1 ऑक्टोबर 2022

नाही हो! अर्धा देश हेच समजून बसलाय. हद्द युनिटच्या दराला आहे, वीज 34 पेन्स, गॅस 10.3, आणि रोजचा ठराविक आकार वेगळा. 2,500 हे साधारण वापराच्या घराचं. जास्त जाळलंत तर जास्तच भरणार. सरकार मध्ये पडलं नसतं तर तेच 3,549 होणार होतं. शिवाय प्रत्येक घराला 400 पौंड मिळतायत, ह्या महिन्यात आणि पुढच्या 66-66, मग मार्चपर्यंत 67, ते आपोआप बिलातून वजा होतात. त्यासाठी "इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर तो चोराचा.

फाफडा_वीर · 1 ऑक्टोबर 2022

इकडे पाइपचा गॅस पण वाढलाच की. फक्त आमचं मीटर कुठल्या फुटाचं ते बघायला काका लागत नाहीत.

वसंतकाका_रेसकोर्स · 1 ऑक्टोबर 2022

लागतात. तुझं शेवटचं बिल टाक इथे.

सुलभा_बडोदे · 1 ऑक्टोबर 2022

😂 काका, आज एक तारीख, आणि दर बदलला म्हणून पोराने सकाळी उठल्याउठल्या न सांगता फोटो पाठवलाय. बाळाची गाडी अजून कपाटातच आहे, पोह्यांचा डबा नाही. काळे आकडे 4417. लिहून घ्या.