फिनॉक्सीइथेनॉल: क्रीम कुठे लावणार ते आधी बघा

ताई, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पोटाला लावायच्या क्रीमवर फिनॉक्सीइथेनॉल दिसलं, ते फेकून देऊ का, असं तुम्ही विचारलंत. फेकून देऊ नका. युरोपात हे प्रिझर्व्हेटिव्ह (क्रीममध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) १ टक्क्यापर्यंत चालतं आणि तिथल्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये एवढं प्रमाण लहान मुलांसाठीही सुरक्षित ठरवलंय. फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने मात्र जास्त कडक भूमिका घेतली होती. तीन वर्षांखालच्या मुलांना लंगोट बांधतात त्या भागावर हे नकोच, असं तिने २०१२ मध्ये सांगितलं होतं. मला ते पटतं. तिथली कातडी सतत ओली, घासून हुळहुळलेली, वर डायपर घट्ट. लावलेलं जास्त आत मुरतं.

खरी काळजी घ्यायची ती स्तनाग्रांच्या क्रीमची, कारण ते थेट बाळाच्या पोटात जातं. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) अशाच एका क्रीमबद्दल इशारा दिला होता. त्यात फिनॉक्सीइथेनॉल आणि क्लोरफेनेसिन (हेही एक प्रिझर्व्हेटिव्ह) दोन्ही होती. बाळाची मज्जासंस्था मंदावणं, उलट्या-जुलाब, श्वास संथ होणं असे धोके त्या इशाऱ्यात सांगितले होते. बाळंतपणानंतर तिथे शुद्ध लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून काढलेला मेणासारखा पदार्थ) किंवा स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावा. कुठलंही क्रीम लावल्यावर बाळ सुस्त वाटलं, नीट ओढून पीत नसेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

क्रीमऐवजी घरी केलेलं कोरफड जेल लावा, असा सल्ला कुणी दिला तर तो कृपया ऐकू नका. पाणी असलेल्या लेपात प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर जंतू वाढतात, वास किंवा रंग बदलायच्या आधीच. खोबरेल तेलात पाणी नसतं, म्हणून ते टिकतं.